विरोधी बाकावरचा सिनेमा

क्रांतीवरचे, सत्तेला जाब विचारणारे सिनेमे कोणते पाहावेत, असं तरुण मुलं मला अधूनमधून विचारतात. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. मराठीत कविता लिहितो आणि सवड मिळेल तसा सिनेमा पाहतो. पण पाहता पाहता माझी एक साधी कसोटी तयार झाली आहे. ज्या सत्तेविरुद्ध सिनेमा काढला, तिला तो झोंबणारच. त्यात नवल नाही. पण ती सत्ता गेल्यावर तिच्या जागी जे बसले, त्यांनाही तो टोचतो का? टोचत असेल तर तो सिनेमा खरा. सरकार कुणाचंही येवो, असा सिनेमा कायम विरोधी बाकावर बसलेला असतो.

सुरुवात 'बॅटलशिप पोटेमकिन'पासून करू. सर्गेई आयझेनस्टाइन यांचा हा रशियन मूकपट १९२५चा. १९०५ साली झारच्या एका युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं, त्याची ही गोष्ट. बंडाचं कारण काय, तर जेवणातलं मांस. त्यात अळ्या वळवळताहेत हे खलाशांना दिसतं. नौकेवरचा डॉक्टर चष्म्याची भिंगं मांसावर धरतो, अळ्या पाहतो आणि मांस चांगलं असल्याचं सांगतो. मला हा प्रसंग पायऱ्यांवरच्या गोळीबारापेक्षाही मोठा वाटतो. डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही म्हणून सांगणं, इथूनच जुलूम सुरू होतो.

ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार आणि गडगडत खाली जाणारी बाबागाडी जगभर गाजली. ओडेसात त्या वर्षी माणसं मारली गेली हे खरं, पण पायऱ्यांवरचा प्रसंग दिग्दर्शकाने आपल्या पद्धतीने रचला आहे. तरीही तो इतका परिणामकारक ठरला की ब्रिटनमध्ये या चित्रपटावर १९५४ पर्यंत बंदी होती. आता दुसरी बाजू पाहा. चित्रपटाच्या प्रारंभी ट्रॉट्स्कीचे शब्द होते. ट्रॉट्स्की स्टालिनच्या मर्जीतून उतरल्यावर ते काढले गेले आणि तिथे लेनिनचे शब्द आले. पुढे आयझेनस्टाइन यांनी 'इव्हान द टेरिबल' काढला. त्याच्या पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक मिळालं, दुसऱ्या भागात मात्र संशयाने पोखरलेला राजा दिसला. स्टालिनने तो अडवला. दिग्दर्शक १९४८ साली वारला आणि तो भाग लोकांना १९५८ मध्ये पाहायला मिळाला. झारविरुद्धचं बंड पडद्यावर आणणाऱ्या माणसाची ही गत क्रांतीच्याच राज्यात झाली.

दुसरा सिनेमा चार्ली चॅप्लिनचा, 'द ग्रेट डिक्टेटर'. तो ऑक्टोबर १९४० मध्ये आला, तेव्हा पॅरिस हिटलरच्या ताब्यात गेलं होतं आणि अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. त्यात एक ज्यू न्हावी आणि एक हुकूमशहा, दोघांचा चेहरा एकच. पृथ्वीच्या गोलाशी फुग्यासारखा खेळणारा हुकूमशहा पाहून आपण हसतो आणि हसता हसता त्याची भीती कमी होते. छळछावण्यांमधली खरी भीषणता माहीत असती तर हा विनोद करू शकलो नसतो, असं चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हिटलर संपला. मग १९५२ साली चॅप्लिन बोटीने लंडनला निघाला असताना त्याचा अमेरिकेत परतण्याचा परवाना रद्द झाला. त्याची मतं तिथल्या सरकारला संशयास्पद वाटत होती. हा कारभार कुठल्या हुकूमशाहीचा नव्हता, लोकशाही देशाचा होता. चॅप्लिन स्वित्झर्लंडला राहिला आणि त्यानंतर अमेरिकेत पाऊल ठेवलं ते एकदम १९७२ मध्ये, सन्मानाचं ऑस्कर घ्यायला.

तिसरा सिनेमा सर्वांत अवघड. तो म्हणजे जिलो पोंतेकोर्वो यांचा 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स', १९६६चा. अल्जीरियावर फ्रान्सचं राज्य होतं. १९५६-५७ मध्ये अल्जीयर्सच्या जुन्या वस्तीत, कसबामध्ये, स्वातंत्र्यसैनिक आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक यांच्यात जे घडलं ते यात आहे. सगळं इतकं खरं वाटतं की जुन्या बातमीपटांचे तुकडे जोडलेत की काय असं वाटावं. प्रत्यक्षात बातमीपटाचा एकही तुकडा नाही. त्या लढ्यातले एक प्रमुख यासेफ सादी यांनी चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला आणि त्यात कामही केलं. फ्रेंच कर्नलचं काम करणारे जाँ मार्तां हे नट खुद्द या युद्धाला विरोध करणाऱ्या पत्रकावर सही केलेले होते.

या सिनेमात माणसांची नावं अली, जाफर, उमर अशी आहेत. माझ्या घरातली, मोहल्ल्यातली नावं. त्यामुळे तो पाहिल्यावर मला दोन्हीकडून विचारलं गेलं. एकाने विचारलं, "तुम्हाला तर आवडणारच, नाही का?" दुसरा म्हणाला, "आपल्या लोकांना बॉम्ब ठेवताना दाखवलंय, तुम्हाला बरं वाटलं?" दोघांनाही मी एकच प्रसंग आठवून दिला. तीन बायका फ्रेंच वस्तीत बॉम्ब ठेवायला जातात. एक जण उपाहारगृहात बसते आणि आजूबाजूला पाहते. गप्पा मारणारी माणसं, नाचणारी पोरं, आईस्क्रीम चाटणारं एक मूल. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबतो. ही माणसं आता मरणार हे तिला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. त्याआधी कसबातली घरं रात्री बॉम्बने उडवलेली आपण पाहिलेली असतात आणि ढिगाऱ्यातून लेकरांची प्रेतं काढलेली असतात. दिग्दर्शकाने दोन्हीकडच्या मृतांसाठी शोकाचं एकच संगीत वापरलं आहे. परक्या सत्तेविरुद्धचा लढा न्याय्य होता हे तो लपवत नाही, पण मेलेल्यांची वाटणीही करत नाही. माझ्या नावाच्या माणसाने हा प्रसंग मान न वळवता पाहावा आणि इतर नावांच्या माणसांनीही तसाच पाहावा, एवढंच माझं मागणं.

त्यातला कर्नल काही राक्षस नाही. पत्रकार त्याला कैद्यांच्या छळाबद्दल विचारतात, तेव्हा तो सांगतो की आमच्यातले कित्येक नाझींविरुद्ध लढलेले आहेत, काही तर छळछावण्यांतून जगून आलेले आहेत. काल स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूस आज दुसऱ्याच्या देशात विजेच्या तारा हातात घेऊन उभा राहू शकतो, हे त्या दृश्याने मला शिकवलं.

चित्रपट फ्रान्समध्ये अनेक वर्षं दाखवता आला नाही. पण अल्जीरियातही बघा. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि चित्रीकरणाच्याच काळात, जून १९६५ मध्ये, सेनाधिकारी बूमेदियन यांनी अध्यक्ष बेन बेला यांना पदच्युत केलं. रस्त्यावर रणगाडे आले तेव्हा कित्येकांना ते शूटिंगचेच वाटले, असं सांगतात. पुढे २००३ मध्ये इराकवर चढाई केल्यानंतर अमेरिकेच्या पेंटागॉननेही हा सिनेमा आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला.

त्या अल्जीयर्समधली एक खरी गोष्ट सिनेमात नाही, ती सांगतो. मॉरिस ओदँ हा पंचवीस वर्षांचा गणिताचा अध्यापक. फ्रेंच, डाव्या विचारांचा, अल्जीरियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा. जून १९५७ मध्ये सैनिकांनी त्याला घरातून नेलं. तो पळून गेला, असं लष्कराने जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या विद्यापीठात त्याच्या प्रबंधाची परीक्षा तो हजर नसताना घेण्यात आली. त्याची बायको जोझेत विचारत राहिली, माझ्या नवऱ्याचं काय झालं? फ्रान्समध्ये सरकारं आली, गेली. २०१८ साली, म्हणजे एकसष्ट वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष माक्रों तिच्या घरी गेले आणि राज्ययंत्रणेने त्याचा छळ केला, त्यातच त्याचा जीव गेला, हे मान्य केलं. दुसऱ्या वर्षी ती बाई वारली.

तिचा प्रश्न ऐकल्यावर मराठी माणसाला 'सामना' आठवल्याशिवाय राहत नाही. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७४चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. साखर कारखान्याच्या जोरावर गावावर राज्य करणारे हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. स्वातंत्र्यलढ्यात होरपळलेला, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तरकडे ना माणसं, ना पैसा. त्याच्याकडे एकच प्रश्न आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढंच तो विचारत राहतो. इंग्रज गेले, सहकार आला, गावात चिमणी उभी राहिली. तरी स्वराज्यासाठी लढलेल्या माणसालाच स्वराज्यातल्या गायब माणसाबद्दल विचारावं लागतं.

त्याच सुमाराचा 'किस्सा कुर्सी का'ही पाहावा. अमृत नाहटा तेव्हा सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. आणीबाणीत चित्रपटाच्या प्रती जप्त झाल्या आणि नष्ट झाल्या. गुरगावच्या मारुती कारखान्यात त्या जाळल्याच्या आरोपावरून खटला चालला. १९७९ मध्ये संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली, ती १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नाहटांनी चित्रपट पुन्हा बनवला आणि तो १९७८ मध्ये आला. त्यात शबाना आझमींच्या पात्राचं नाव आहे जनता, आणि ती मुकी आहे.

मित्रहो, हे सिनेमे एकट्याने मोबाइलवर पाहण्यापेक्षा चारचौघांत पाहा. घोषणा देणाऱ्या गर्दीबरोबर आपलंही रक्त उसळेल. उसळू द्या. पण सिनेमा संपल्यावर दिवे लावा आणि एकमेकांना विचारा, आपल्या गावात, आपल्या पक्षात, आपल्या जमातीत कुणाबद्दल विचारायचं राहून गेलंय? परक्यांना जाब विचारायला फारसं धैर्य लागत नाही. मास्तरने जाब विचारला तो त्याला दारू पाजणाऱ्या, घरात ठेवून घेणाऱ्या माणसाला.