कार्ल्याची ओसरी आणि सुपरझूमची रुंद बाजू

कार्ल्याच्या चैत्यगृहाची ओसरी 52 फूट रुंद, सुमारे 58 फूट उंच आणि अवघी 15 फूट खोल आहे. समोरच्या कोरीव पडदीला पाठ लावून उभे राहिले, तरी दर्शनी भिंत 15 फुटांहून लांब जात नाही. तीन दारे, त्यांच्या मधली स्त्री-पुरुषांच्या जोड्यांची शिल्पे, दोन्ही बाजूंच्या भिंतींतले हत्ती आणि वरची घोड्याच्या नालेसारखी विशाल कमान हे सगळे एका नजरेत घ्यायचे तर मान फिरवावी लागते. पडदीच्या बाहेर पडावे, तर पडदीच दृश्य अडवते. त्यापुढच्या अंगणात डावीकडे सिंहस्तंभ आणि उजवीकडे एकवीरा देवीचे देऊळ आहे. मागे सरकायला जागा नाही, ही इथली छायाचित्रकाराची पहिली अडचण. मावळातल्या सगळ्या मोठ्या लेण्यांत ती कमीअधिक आहे, बेडश्याला तर सर्वांत जास्त.

ही अडचण डिजिटल कॅमेऱ्याने आणलेली नाही. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 1880 सालच्या ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात कार्ल्याचे तलविन्यास आणि छेद आहेत. मोजमापे घेऊन कागदावर उभ्या केलेल्या रेखाटनाला अंतराची गरज नसते, छायाचित्राला असते. काचेच्या प्लेटवर काम करणाऱ्या छायाचित्रकारांकडे मात्र या अडचणीवर दोन उपाय होते. एक, रुंद कोनाची भिंगे. 1860 च्या दशकात अमेरिकेत हॅरिसनचे ‘ग्लोब’ भिंग आले, 1900 मध्ये जर्मनीच्या गोएर्झ कंपनीचे ‘हायपरगॉन’ आले. त्याचा कोन 130 अंशांच्या पुढे जाई. दुसरा उपाय अधिक मोलाचा होता. कॅमेरा तिरपा न करता पुढची भिंगाची पाटी वर सरकवता येई. प्लेट खांबांना समांतर राही आणि खांब फोटोतही सरळ उभे राहत. काचेच्या प्लेटच्याच काळात बोरघाटातल्या रेल्वेचे काम टिपणाऱ्या अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्यासारख्यांपुढे मागे सरकण्याचा प्रश्न क्वचितच येत असेल. घाटात दरीच्या पलीकडे जाता येते, लेण्यात भिंतीच्या पलीकडे जाता येत नाही.

सुपरझूम, म्हणजे एकाच भिंगात दहा-बारा पट झूम देणारा डिजिटल कॅमेरा, जन्मला तो घाटाच्या बाजूचा, दूरचे जवळ ओढणारा. पुढे मिमीत दिलेली फोकल लेंग्थ 35 मिमी फिल्मच्या समतुल्य हिशेबाची आहे; आकडा जितका लहान तितका कोन रुंद. 1998 च्या सोनी माविका एफडी91 ची सुरुवात 37 मिमीपासून होती. 2000 च्या ऑलिंपस सी-2100 चा पल्ला 38 ते 380. 2002 मध्ये पॅनासॉनिकने एफझेड1 आणला, 35 ते 420 मिमी. त्यानंतर कॅननचा एस1 आयएस (2004, 38 ते 380) आणि एस2 आयएस (2005, 36 ते 432), सोनीचा एच1 (2005, 36 ते 432). खोक्यावर मोठ्या अक्षरांत असायचे ते ‘10 एक्स’ किंवा ‘12 एक्स’. हा आकडा म्हणजे लांब टोक भागिले आखूड टोक. त्यातून रुंदीबद्दल काहीच कळत नाही. उलट, 38 पासून निघालेले 10 एक्स 380 पर्यंत पोहोचते आणि 28 पासून निघालेले 280 वरच थांबते, त्यामुळे लांबच्या टोकाची जाहिरात करणाऱ्याला आखूड टोक अरुंद ठेवणेच फायद्याचे होते.

2002 मध्येच मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि लोणावळ्याची शनिवार-रविवारची सहल आणखी सोपी झाली. तिथल्या नेहमीच्या दृश्यांना हे कॅमेरे अगदी जुळणारे होते. खंडाळ्याहून नागफणीचा सुळका जवळ ओढता येई, दरीपलीकडचे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले एका चौकटीत घेता येत, मागून बँकर इंजिने लावून घाट चढणारी गाडी वळणावर पकडता येई. पावसाळ्यात धुके फाटते तेव्हा हातात एकच कॅमेरा असावा आणि तो 400 मिमीपर्यंत जावा, ही मोठीच सोय होती. ती खोटी नव्हती. पण तोच कॅमेरा घेऊन माणूस वेहेरगावच्या पायऱ्या चढून कार्ल्याला गेला की हिशेब उलटायचा.

हिशेब सोपा आहे. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरची चौकट 4:3 असते. 36 मिमीला, 15 फुटांवरच्या भिंतीचा सुमारे 14 फुटांचा पट्टा आडव्या चौकटीत मावतो. 28 मिमीला साडेअठरा फूट, 24 मिमीला साडेएकवीस. भिंत 52 फुटांची. म्हणजे ‘12 एक्स’वाल्याला तिचा जेमतेम चौथा हिस्सा मिळे आणि पुढे रुंद झालेल्या पिढीलाही अर्ध्याहून कमी. आतल्या सभामंडपात परिस्थिती बरी, कारण लेणे 124 फूट लांब आहे आणि दारातून स्तूप व्यवस्थित दिसतो. तरी दोन खांबरांगांमधले अंतर साडेपंचवीस फूट असल्याने 36 मिमीला दोन्ही रांगा एकत्र चौकटीत येतात त्या सुमारे 27 फूट पुढे. त्याआधीचे खांब फोटोत नसतातच. 24 मिमीला हे अंतर 18 फुटांवर येते. खांबांच्या माथ्यावरचे हत्तीस्वार ज्याला जवळून हवे आहेत, त्याला लांब टोक उपयोगी पडते. ज्याला मंडप हवा आहे, त्याला नाही.

आखूड टोक आणखी आखूड का करता येत नव्हते, याचे कारण भिंगाच्या रचनेत आहे. सेन्सर जेमतेम 6 मिमी रुंद असल्याने 36 मिमी समतुल्य म्हणजे प्रत्यक्षात फक्त 6 मिमीची फोकल लेंग्थ. कॅनन एस2 आयएसवर ‘6–72 मिमी’ असेच छापलेले होते. रुंद कोनासाठी भिंगाचा पुढचा गट प्रकाश पसरवणारा ठेवणे सोयीचे असते, पण तसा झूम तीन-चार पटींपलीकडे नेणे अवघड जाते. दहा-बारा पटींसाठी पुढचा गट प्रकाश गोळा करणारा लागतो, आणि अशा रचनेत कोन रुंद करायला गेले की कडेचे तिरपे किरण आत घ्यायला पुढची काच झपाट्याने मोठी करावी लागते. नाहीतर कोपरे काळवंडतात. मोठी काच म्हणजे वजन आणि किंमत. खिशात नाही तरी छोट्या पिशवीत मावणारा कॅमेरा विकायचा असताना हे परवडणारे नव्हते. शिवाय सेन्सरला किरण शक्यतो सरळ पडलेले हवे असतात, तिरपे नव्हे.

मधल्या काळात लोकांनी वाटा काढल्या. काही कॅमेऱ्यांच्या भिंगापुढे 0.7 पटीचा वाइड कन्व्हर्टर बसवता येई. 36 चे 25 मिमी होत, पण पुढे काचेचा जड गोळा येई आणि कडा विस्कटत. दुसरी वाट म्हणजे तीन-चार फोटो घेऊन संगणकावर जोडणे. पवना धरणाचे पाणी आणि तुंग, तिकोना हे किल्ले यांच्यासाठी ती उत्तम, कारण सगळेच दूर असते. कार्ल्याच्या ओसरीत जवळचे शिल्प आणि मागची भिंत कॅमेरा जरा हलताच एकमेकांवरून सरकतात आणि जोड दिसतात. कॅमेरा भिंगाच्या एकाच बिंदूभोवती (नोडल पॉइंट) फिरवायला ट्रायपॉड हवा, आणि केंद्रीय संरक्षित स्मारकात तो लावायला परवानगी लागते. हातात धरून घ्यायचे तर आतल्या अंधारात लहान सेन्सर दाणेदार चित्र देतो, कारण मंडपात उजेड येतो तो मुख्यतः त्या एका मोठ्या कमानीतून.

रुंदी आली ती हळूहळू. 2005 चा फुजीफिल्म एस9500 28 पासून 300 पर्यंत जाई. त्याच वर्षीचा कोडॅक पी880 चक्क 24 पासून, पण 140 वर संपणारा. खरे वळण 2007 चे. ऑलिंपस एसपी-550 आणि पॅनासॉनिक एफझेड18, दोन्ही 28 ते 504. कॅननचा एसएक्स10 आयएस 2008 मध्ये 28 ते 560, एसएक्स30 आयएस 2010 मध्ये 24 ते 840. निकॉन पी500 ने 2011 मध्ये साडेबावीस गाठले, कॅनन एसएक्स60 ने 2014 मध्ये 21. तिथे ही शर्यत जवळपास थांबली. निकॉनचे पी900 (2015) आणि पी1000 (2018) लांब टोकाला 2000 आणि 3000 मिमीपर्यंत गेले, आखूड टोक मात्र 24 वरच राहिले. लांबीच्या टोकाला पट वाढत होते, रुंदीच्या टोकाला एकेक मिलिमीटर. आणि लेण्याच्या दृष्टीने तो एकेक मिलिमीटरच मोलाचा होता.

या रुंदीची किंमत काय पडली हे मावळात फार स्पष्ट दिसते. आखूड टोकाला सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात. नवे कॅमेरे हे आतल्या आत सॉफ्टवेअरने सरळ करतात आणि त्यात कोपऱ्यांतला तपशील ताणला जातो. त्याहून गंभीर प्रश्न तिरपेपणाचा. प्लेट कॅमेऱ्यासारखी वर सरकणारी पाटी यांत नसल्याने उंच खांब चौकटीत घ्यायला कॅमेरा वर करावा लागतो, आणि वर करताच खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसतात. एरवी ही डोळ्याला खटकणारी बाब एवढेच. पण भाजे, बेडसे आणि कार्ले यांच्या बाबतीत खांबांचा कल हा पुरावाच आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भाज्याच्या चैत्यगृहात अष्टकोनी खांब खरोखरच आत कललेले आहेत, कारण ते लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल आहेत; लाकडी घरात छताचा रेटा पेलायला खांब असेच कलते रोवले जात. सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कार्ल्यात ते सरळ उभे आहेत, कारण तोवर कारागिराने दगडाची भाषा आत्मसात केली होती. हा कल कमी होत जाण्यावरून फर्ग्युसनने लेण्यांचा काळक्रम लावण्याचा प्रयत्न केला. 24 मिमीवर कॅमेरा वर करून घेतलेला कार्ल्याचा फोटो त्याच्या खांबांना भाज्याचा कल देतो, आणि भाज्याचा कल आहे त्याहून वाढवतो. अशा फोटोवरून लेण्याचा अभ्यास करू नये, एवढे या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत कोणी लिहिले नाही. ते लिहायला हवे होते. भाज्याला निदान एक उपाय आहे. तिथला दर्शनी लाकडी पडदा नाहीसा झाल्यामुळे मंडप पूर्ण उघडा आहे आणि अंगणात मागे सरकून, कॅमेरा सपाट धरून 36 मिमीनेही खांबांचा खरा कल टिपता येतो.

बेडश्याला तसे नाही. चैत्यगृहासमोर खडकाचे दोन मोठे ठोकळे तसेच ठेवलेले आहेत आणि त्यांच्यामधून सुमारे 40 फूट लांबीच्या अरुंद वाटेने आत जावे लागते. आत खांबांपुढे मोकळी जागा साधारण 12 फूट, आणि घोडे-हत्तींवरच्या स्वारांनी मढलेले खांब सुमारे 25 फूट उंच. कॅमेरा उभा धरला तरी 36 मिमीला साडेअकरा फूट, 24 मिमीला सव्वासतरा फूट उंची मिळते. वाटेत मागे गेले तर खडक बाजूचे खांब कापून टाकतो. म्हणून या लेण्याची बहुतेक छायाचित्रे एकतर वाटेच्या चौकटीतून मधल्या भागाची असतात किंवा एकेका स्तंभशीर्षाची.

2019 च्या आयफोन 11 मध्ये 13 मिमी समतुल्य कोनाचे वेगळे भिंग आले आणि अशी भिंगे लवकरच सर्वसाधारण फोनांत पसरली. झूम आणि रुंदी एकाच काचेत बसवण्याचा आग्रह सोडून दोन वेगळी भिंगे ठेवली, की सुपरझूमची मूळ कोंडी उरत नाही. फोन त्याच वाटेने गेले. कार्ल्याच्या ओसरीत 13 मिमीला सुमारे 40 फूट भिंत मावते. तिथेही 12 फूट बाहेरच राहतात. बेडश्याच्या अंगणात उभ्या चौकटीत 32 फूट उंची मिळते, म्हणजे आकड्यांनुसार खांब पूर्ण बसायला हवा. पण फोन डोळ्यांच्या उंचीवर सपाट धरला, तर त्यातली निम्मी उंची डोळ्यांच्या रेषेच्या खाली जाते आणि वर मिळतात 16 फूट. 25 फुटांवरचे शीर्ष गाठायला फोन थोडा वर करावाच लागतो, आणि खांब पुन्हा आत झुकतात.