रेशनकार्डावरचं नाव

गेल्या महिन्यात नातू कॅनडाला गेला. आदल्या रात्री तो सोफ्यावर पसरून फोनशी खेळत बसला होता. मी विचारलं, "अरे, कागद झाले का सगळे?" तर म्हणाला, "आजी, सगळं यातच आहे." आणि फोन उलटा करून पोटावर ठेवला. मला त्या रात्री झोप लागली नाही. सदतीस वर्षं लोकांचे परदेशी जाण्याचे कागद टाइप केलेल्या बाईला कशी लागेल?

1964 साली मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग एवढ्या भांडवलावर मी फोर्टातल्या एका तिकीट एजंटाकडे चिकटले. शेठ पारशी, हेडक्लार्क गोव्याचे, बाकी आम्ही गिरगाव-दादरची मंडळी. आमच्याकडे विमानाची आणि आगबोटीची तिकिटं मिळत. मिळत म्हणजे काय, तर खिशात पूर्ण भाडं घेऊन आलेला माणूसही रिकाम्या हाताने परत जाई. आधी 'पी फॉर्म' लागे.

हा पी फॉर्म आता सांगूनही कुणाला खरा वाटत नाही. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणारा कायदा 1947 पासून होताच, पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रसामग्री आणता आणता 1957 च्या सुमाराला देशाची गंगाजळी आटली आणि सगळं आवळलं गेलं. तिकीट तुम्ही रुपयांत काढलंत तरी परदेशी कंपनी ते भाडं शेवटी पौंडांत बदलून आपल्या देशी नेणार. म्हणजे तिकीट काढणं हाच चलनाचा खर्च. म्हणून रिझर्व्ह बँकेची मंजुरी आल्याशिवाय आम्ही तिकीट फाडू शकत नव्हतो. कशासाठी जाता, किती दिवस, तिथे कुणाकडे उतरणार, जेवूखाऊ कोण घालणार, असे प्रश्न. यजमानाचं पत्र जोडायचं, की पाहुण्याच्या राहण्याजेवणाची जबाबदारी माझी. मुलाच्या आईला पडलेले प्रश्न आणि रिझर्व्ह बँकेला पडलेले प्रश्न सारखेच होते, ही गोष्ट माझ्या लक्षात पहिल्याच आठवड्यात आली. फक्त आई चार प्रतींत विचारत नसे.

मंजुरी आली की हातात मिळणारी रक्कम किती? कुणी सांगतो तीन पौंड, कुणी सांगतो आठ डॉलर, आणि लग्नकार्यात म्हातारे यावरून वाद घालतात. दोघेही बरोबर आहेत. तेव्हा पौंडाला 2 डॉलर 80 सेंट पडत, तिनाने गुणून पाहा. रुपयांत म्हणाल तर डॉलर होता 4 रुपये 76 पैशांना, म्हणजे आठ डॉलरचे अडतीस रुपये. 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर साडेसात रुपयांवर गेला आणि त्याच आठ डॉलरचे साठ झाले. साठ रुपयांचं काही नव्हतं, पण तिकिटाचं काय? ज्या पोरांच्या वडिलांनी जुन्या दराने हिशेब करून कर्ज काढलं होतं, ते दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाकावर येऊन बसायला लागले. हेडक्लार्क त्यांना चहा पाजत. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्या मानाने पासपोर्टची हकीकत जास्त गमतीची. 1954 साली पासपोर्टची पहिली पाच प्रादेशिक कार्यालयं निघाली, त्यांतली दोन आपल्याकडची, मुंबई आणि नागपूर. पण पासपोर्ट मागणं हा हक्क आहे, असं कुणी समजत नव्हतं. 1920 चा जो कायदा होता तो देशात येणाऱ्यांसाठी. जाणाऱ्याला पासपोर्ट द्यायचा की नाही, ही सरकारची मर्जी. सरकारची मुख्य धास्ती अशी, की हा माणूस तिकडे कफल्लक झाला तर परत आणायचा खर्च कोण करणार? म्हणून ऐपतदाराची हमी मागत. कुणी जामीन राहावं, यावरून भाऊबंदकी पेटलेली मी पाहिली आहे. एका वकिलांनी सख्ख्या भाच्याला हमी नाकारली आणि त्याच भाच्याला घरमालकाने दिली. भाच्याने पुढे वीस वर्षं दिवाळीचं कार्ड पाठवलं ते घरमालकाला.

मग सतवंत सिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 10 एप्रिल 1967 ला निकाल लागला, पाचपैकी तीन न्यायमूर्ती त्याच्या बाजूने: परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हे माणसाच्या व्यक्तिगत स्वातंत्र्यातच येतं, आणि कायदा नसताना ते सरकारला अडवता येणार नाही. सरकारने धावपळ करून त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टचा कायदा केला. शेठनी पेपर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाच डीकरी, आता आपलं घराक भीक मागत नाय." रांग मात्र तेवढीच राहिली.

त्या वेळच्या पासपोर्टात कोणकोणत्या देशांना जाता येईल, ते लिहिलेलं असे. दक्षिण आफ्रिकेला चालणार नाही असा शिक्काही असे, वर्णद्वेषामुळे. शिक्का बरोबरच होता. पण रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची केप टाउनला पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, दुकानं. दापोलीचे एक चाचा दरवर्षी येऊन तो शिक्का गेला का म्हणून विचारत. त्यांची बहीण तिकडे होती.

कोकणचं गिऱ्हाईक आमच्याकडे मुख्यतः आखाताचं. खेड, चिपळूण, मंडणगड. 'द्वारका' नावाची आगबोट मुंबईहून कराची, मस्कत, दुबई करत पार वर कुवेत-बसऱ्यापर्यंत जाई, आणि ती 1982 पर्यंत चालू होती. डेकचं तिकीट काढायचं, वळकटी आपली आपण न्यायची. जुने लोक सांगत की त्यांच्या उमेदीत तिकडे पगारच रुपयांत मिळे, कारण आखातात चलन आपलं. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात व्हायला लागली तेव्हा 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पण कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला आणि सहासष्टच्या अवमूल्यनानंतर उरलेल्यांनीही रुपयाला रामराम ठोकला.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. गवंडी, फिटर, आचारी, ड्रायव्हर. मजुरीसाठी जाणाऱ्यांना 1922 चा कायदा लागू होता. तो गिरमिटियांच्या हालअपेष्टांनंतर झालेला, मळ्यांवर जाणारा मजूर डोळ्यांपुढे ठेवून केलेला. दुबईच्या सुताराला तो कसा पुरणार? 1983 मध्ये नवा कायदा आला, भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची झाली. तोवर किती जणांनी बायकोचे दागिने गहाण टाकून खोटा व्हिसा विकत घेतला, ते मला आठवायचं नाही.

या माणसांचे सरकारी कागद मी टाइप करी, पण त्यांचे खरे कागद वेगळेच असत आणि तेही माझ्यापुढेच उलगडत. सातबारा कुणाच्या नावावर राहील, भावाला मुखत्यारपत्र द्यायचं की सासऱ्याला, आंब्याची कलमं कराराने द्यायची तर पैसे कुणी घ्यायचे, गणपतीला यायला जमलं नाही तर पूजेला कोण बसेल. मुखत्यारपत्राचा मसुदा मला तोंडपाठ होता. 'विक्री करण्याचा अधिकार' हे शब्द आले की मी हात थांबवून समोरच्याकडे बघत असे. वकील नव्हते मी, पण बघायला काय जातं? दहातले तीनचार जण तेवढे शब्द गाळायला सांगत.

लशीची पिवळी पुस्तिका हे आणखी एक. देवीच्या लशीचं सर्टिफिकेट तीन वर्षं चाले, पण आयुष्यात पहिल्यांदाच टोचलं असेल तर आठ दिवसांनी लागू होई. मोठ्यांना लहानपणीच टोचलेलं असे, त्यामुळे ही अट कुणाच्या ध्यानात राहत नसे. 1969 मध्ये कुवेतला नवऱ्याकडे निघालेली एक मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळाला टोचून तीनच दिवस झालेले. तारीख मीच वाचली आणि मीच सांगितलं. बोट गेली, ती राहिली. पुढच्या बोटीपर्यंत भेंडीबाजारात नात्यातल्यांकडे दिवस काढले तिने. बाळाच्या दंडावरची खपली मला दाखवायला मात्र आवर्जून आली. 1980 च्या मे महिन्यात देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं तेव्हा लोकांना आनंद झाला असेल. मला ती खपली आठवली.

इन्कम टॅक्सचा दाखला, राजपत्रित अधिकाऱ्याची सही, फोटो, यांत मी शिरत नाही. त्यांत गंमत काही नव्हती, नुसत्या फेऱ्या. आज माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो. आठचे अडीच लाख झाले. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "आजी, माझ्याकडे आहेत कुठे?"

घरचे कागद सगळ्यांत शेवटी. माझा धाकटा भाऊ इंजिनिअर. अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलला, आणि जिथे पूर्वी भारतातून वर्षाला शंभर माणसं घेत, तिथे शिकलेल्या पोरांना दार उघडलं. 1970 मध्ये तो निघाला. त्याचा पी फॉर्म मीच टाइप केला, एकही खाडाखोड नाही. मग राहिलं रेशनकार्ड. माणूस गेला की नाव कमी करून आणायचं, असा नियम. मी आईला तीनदा सांगितलं. ती म्हणे, सणाला साखर लागते. मग म्हणे, श्रावण जाऊ दे. मग म्हणे, नाव कमी करतात ते गेलेल्याचं.

पुढच्या वर्षी चाळीत कार्डांची तपासणी झाली. इन्स्पेक्टर दारात उभा राहून नावं वाचत होता. भावाचं नाव घेऊन त्याने विचारलं, "हा कुठाय?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेर गेलाय. येईल इतक्यात."