पेण-रोह्याचे दाखलखारीज

ज्या गावात शाळेला मुले मिळेनात म्हणून मास्तर दारोदार हिंडत असे, त्याच गावात मुलाला शाळा मिळेना म्हणून आईबापांनी वशिल्याच्या शोधात दारोदार हिंडावे, असा पालट पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या ठिकाणी उण्यापुऱ्या दीडशे वर्षांत घडून आला आहे. मुंबईतील शाळाप्रवेशाच्या चढाओढीविषयी आजवर विपुल लिहिले गेले आणि त्यात नवल काही नाही, कारण लिहिणारे बहुधा दादर-पार्ल्यालाच राहतात. परंतु त्या चढाओढीचे मूळ कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर ज्या गावांतून माणसे धरमतरच्या आगबोटीने मुंबईस गेली आणि ज्या गावांत तीच चढाओढ पुढे रेल्वेने परत आली, त्या गावांकडे वळणे अधिक फलदायी ठरते.

इंग्रजी अमदानीपूर्वी, आणि तिच्या आरंभीच्या काळातही, या बाजूला शिक्षण म्हणजे पंतोजीची शाळा. एखाद्या सावकाराच्या ओटीवर किंवा देवळाच्या पडवीत ती भरे. दसऱ्याला किंवा दुसरा एखादा मुहूर्त पाहून मुलाला शाळेत घालीत. पाटीपूजन होई, पंतोजीला नारळ, पानसुपारी आणि शिधा पोहोचे, आणि धुळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, मुलाचा हात धरून श्रीगणेशा काढला की प्रवेशविधी आटोपला. अक्षर चुकले तर धूळ हाताने सारखी करावयाची आणि पुन्हा गिरवावयाचे. पुढे मोडी अक्षर, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतची उजळणी आणि थोडे जमाखर्चाचे वळण एवढे पदरात पडले की ब्राह्मण, प्रभू आणि वाणी यांच्या मुलांचे काम भागत असे. पौर्णिमा-अमावास्येस अनध्याय, आणि भाताच्या सुगीत अर्धी शाळा ओस. जागा किती, अर्ज किती, हा प्रश्न पंतोजीच्या स्वप्नातही आला नसेल. मात्र ज्यांना त्या ओटीची पायरीही चढता येत नव्हती त्यांची गणतीच कोणी करीत नव्हते, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

वुडच्या १८५४च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते निघाले, आणि १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवून तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळविण्याची वहिवाट पडली. म्हणजे पेणच्या खारेपाटातील आगरी कुळाने आणि रोह्याच्या कुंडलिकेकाठच्या कुणब्याने शाळेसाठी पैसा भरला, पण मुलगा पाठविला नाही. किंबहुना त्याला तो पाठविता आला नाही, कारण गुरे राखावयास, खारबंदिस्तीच्या बांधावर आणि मिठागरावर त्या मुलाचे हात हवे होते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जात असल्याची जी कैफियत मांडली आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची जी मागणी केली, ती वाचताना अशाच गावांची आठवण होते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तर मूल लहानपणापासून शाडू मळावयास, साच्यात भरावयास आणि पुढे रंगकामाला लागे. बापाच्या दृष्टीने तीच शाळा होती, आणि तिच्यात परीक्षेची भीती नव्हती.

अशा स्थितीत सरकारी मराठी शाळेच्या मास्तरापुढे पटाचा प्रश्न उभा राहिला. डिपोटीसाहेब तपासणीस यावयाचे असले की हजेरी भरलेली दिसली पाहिजे. मास्तर आदल्या दिवशी आळीआळीने फिरे, आईच्या पदराआड लपलेल्या पोराला खडीसाखरेचे आमिष दाखवी आणि नाव दाखल करून घेई. जन्मतारीख विचारली तर आई सांगे, “मोठा पूर आला त्या साली, भातलावणीच्या आगेमागे.” एवढ्यावरून वहीचा रकाना कसा भरावा? मास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावी. कान हाती लागला की सहावे वर्ष सरले असे समजून तो १ जून ही तारीख मांडून मोकळा होई. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि तोवर सहा वर्षे पुरी झालेली दिसतात, एवढाच त्यातला हिशेब. महाराष्ट्रातील एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, याचे रहस्य कोणत्याही ग्रहयोगात नसून मास्तराच्या या दौतीत आहे. आज तीनसाडेतीन वर्षांच्या मुलाचे वय ३१ डिसेंबरच्या मर्यादेत बसते की नाही हे दिवस मोजून पाहणाऱ्या पालकांना त्या दौतीचा हेवा वाटावा.

दुर्मिळता होती ती इंग्रजीची. मराठी सहावी-सातवी झाली, व्हर्नाक्युलर फायनल पदरात पडली, की मास्तरकी किंवा तलाठ्याची जागा मिळण्याची आशा असे. त्याच्या वरची प्रत्येक पायरी इंग्रजीची होती, आणि तिच्यासाठी अलिबाग नाहीतर मुंबई गाठावी लागे. नात्यातल्या एखाद्या बिऱ्हाडात गिरगावच्या चाळीत मुलाची सोय लावणे हाच त्या काळचा खरा प्रवेशयत्न होय. तेथे गुणांपेक्षा काकूच्या स्वभावाचा विचार आधी करावा लागे. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव द्वारकानाथ हे १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी झाले, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. त्यांच्याहून चारच महिन्यांनी मोठे असलेले, पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनायक नरहर (विनोबा) भावे वडिलांपाठोपाठ बडोद्यास गेले, आणि १९१६ साली घर सोडण्यापूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांनी एकाच पिढीत प्रमाणपत्राचा कळस आणि प्रमाणपत्राची राख अशी दोन्ही उदाहरणे दिली; पालकांनी कोणते उचलले हे सांगण्याची गरज नाही.

शाळेत जागा मिळणे याचा आणखी एक अर्थ याच जिल्ह्यात लढविला गेला. सरकारी खर्चाने चाललेल्या शाळा, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात हा सभासद बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही त्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. ठरावात शाळेचा उल्लेख तळ्याच्या जोडीनेच होता. तळ्याचा इतिहास झाला. व्हरांड्यात बसून आतल्या फळ्यावरचे अक्षर लांबून टिपणाऱ्या मुलांचा मात्र अद्याप कोणी नीट लिहिला नाही.

इकडे मुंबईत मराठी मध्यमवर्गाने स्वतःच्या शाळा उभारल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, शिवाजी पार्कची दादासाहेब रेगे यांची बालमोहन १९४० ची. कोकणातून गेलेल्या बिऱ्हाडांनी या मराठी शाळांतील प्रवेशाला प्रतिष्ठेचे मोल दिले, आणि मराठी शाळेच्या दारात रांग लागण्याचा एक काळ मुंबईने पाहिला, हे आजच्या तरुण आईबापांना सांगितले तर ते थट्टा समजतील. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढली आणि ती आठवीवर नेऊन ठेवली. पुढे ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने असा हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक सोडून इतरांची मुले घेऊ नयेत. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात तो हुकूम उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि त्याच वर्षी २६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारविरुद्धच निकाल दिला. हेतू मातृभाषेच्या अभिमानाचा होता यात शंका नाही, परंतु ज्या भाषेत सरकारचा वरचा सारा कारभार चालत होता तीच गरिबाच्या मुलाने चौदाव्या वर्षी शिकावी आणि साहेबाच्या मुलाने चौथ्या, ही तजवीज मला तेव्हाच्या शहाण्यांची मोठी चूक वाटते. साखर कुलपात ठेवली की मुंग्या वाढतात; इंग्रजी शाळेचे झाले ते तसेच.

पेण-रोह्याला ही मुंगी उशिरा लागली. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रचंड कारखाना आला, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा. १९८६ साली दिव्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली आणि पुढे कोकण रेल्वेचा आरंभच रोह्यापासून झाला. बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या मुलांसाठी इंग्रजी माध्यम हवे होते. त्यांच्यापाठोपाठ पाळीवर जाणाऱ्या कामगाराला, मग दुकानदाराला, आणि अखेरीस स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या मास्तरालाही आपल्या मुलासाठी तेच हवे झाले. शेवटची गोष्ट उघडपणे बोलली जात नाही, पण गावातल्या सर्वांना ती ठाऊक असते. २००० सालापासून सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तोवर प्रवाह फिरला होता.

मुलाची मुलाखत घेऊन प्रवेश देण्याची मुंबईची रीत इतकी बोकाळली की १९९६ साली राज्याला बालवाड्यांच्या प्रवेशनियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. केंद्राच्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तर देणगी आणि मुलाची वा पालकांची चाळणी या दोहोंवर बंदी घातली आणि विनाअनुदानित खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचितांसाठी राखल्या. त्या जागांची सोडत निघते. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावयाचा, घरापासून शाळेचे अंतर नकाशावर दाखवावयाचे, आणि मग नशिबाची वाट पाहावयाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस या राखीव जागांतून मोकळीक, असा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द ठरविला. एकोणिसाव्या शतकात शाळेची पट्टी भरून शाळेबाहेर राहिलेल्या रयतेचा पणतू आता सोडतीत आहे, एवढा फरक मानावयाचा.

पेणलाच आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. कातकरी आणि ठाकूर मुलांना पहिलीपासून शहरांतील नामांकित निवासी इंग्रजी शाळांत सरकारी खर्चाने पाठविण्याच्या योजनेचे अर्ज तेथे घेतले जातात. ज्या कातकऱ्याचे बिऱ्हाड दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते, त्याच्या मुलाला वस्तीवरच्या शाळेत वर्षभर टिकविणे कठीण, हे खरे. म्हणून सहा वर्षांचे पोर आईपासून तोडून दूरच्या वसतिगृहात ठेवावे, हा उपाय मात्र शाळेचा प्रश्न सोडविण्यापेक्षा तो दृष्टिआड करण्याचाच अधिक आहे. दरम्यान वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेचा पट घसरतो, आणि तिथला मास्तर पुन्हा घरोघर मुले मोजीत हिंडतो. पाचवीतली हुशार मुले निजामपूरच्या नवोदय विद्यालयातील सहावीच्या ऐंशी जागांसाठी परीक्षा देतात. जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या पाहता एका गावाच्या वाट्यास किती येणार हे उघड आहे.

माझे मत असे की खासगी शाळेच्या दारातली ही गर्दी कमी करावयाची ती दारावर नवा कायदा लावून नव्हे, तर नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत दर इयत्तेस एक शिक्षक, आणि पहिलीपासून बोलता येईल असे इंग्रजी, एवढे देऊन. ते दिल्याशिवाय सोडत, वशिला आणि देणगी यांपैकी काही ना काही चालूच राहील. आणि एक विनंती. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून सुरू झाल्यावर जुन्या शाळांच्या दाखलखारीज वह्यांना, म्हणजे मुलाच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवह्यांना, अचानक मोल आले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. पेण आणि रोह्याच्या शाळांत अशा वह्या असतील तर त्या केवळ जातीच्या रकान्यासाठी उलगडून पुन्हा कपाटात टाकू नयेत. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात मास्तरांनी काय काय लिहून ठेवले आहे ते कोणीतरी बैठक मारून उतरून घ्यावे, वाळवी लागण्यापूर्वी.