ओसरीवरील राजकारणविचार

रायपूर शहराच्या जुन्या भागात सदर बाजार नावाची पेठ आहे. सराफांच्या आणि कापडवाल्यांच्या दुकानांची ही दाट वस्ती. हिंदी भाषकाला या नावाचा अर्थ विचारला, तर तो ‘मुख्य बाजार’ असा सांगेल, आणि तो बरोबरच आहे. परंतु मराठी कानाला ‘सदर’ या शब्दात आणखी काही ऐकू येते. वाड्याच्या दर्शनी भागातील जी बैठक, जेथे धनी बसतो, फिर्यादी ऐकतो व निवाडे देतो, ती आपली सदर. एका शब्दाच्या या दोन अर्थांत हुकूम आणि किंमत अशा दोन सत्ता एकत्र आल्या आहेत. सदरेवर आज्ञा होते आणि बाजारात भाव ठरतो. या दोहोंच्या मधे घराला एक तिसरी जागा असते, ती म्हणजे ओसरी. तेथे कोणी कोणाचा धनी नसतो आणि कोणी कोणाचे गिऱ्हाईक नसते. राज्य कसे असावे, कायदा कोणाचा व कशासाठी, आज्ञा कोठवर पाळावी, हे प्रश्न आपल्याकडे ग्रंथांत येण्यापूर्वी बहुधा या ओसरीवर चर्चिले गेले आहेत. त्या चर्चेचा इतिहास लिहिता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अडचण उघड आहे. सदरेचे दप्तर राहते, बाजाराची वहीखाती राहतात. ओसरीवरचे बोलणे मात्र उठून गेलेल्या माणसांबरोबर संपते. म्हणूनच राजकीय तत्त्वज्ञानाचा इतिहास आपण ग्रंथांवरून, खटल्यांच्या कागदांवरून आणि सभांतील भाषणांवरून लिहितो. तथापि काही ग्रंथ व काही नियतकालिके अशी असतात, की ज्यांच्या घडणीतच संभाषणाची खूण राहून जाते. रायपूर आणि त्याचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कारण येथील मराठी माणसांनी हा संवाद आपल्या भाषेत न ठेवता शेजाऱ्याच्या भाषेत नेला.

छत्तीसगडाशी मराठ्यांचा संबंध आला तो प्रथम सदरेच्या नात्याने. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे पोचली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना झाली. त्यानंतर येथे राहिलेला व नव्याने येणारा मराठी माणूस राज्यकर्ता उरला नाही. तो शिक्षक, कारकून, वकील झाला. तात्यापारा, बुढापारा या सदर बाजाराच्या आसपासच्या वस्त्यांत अशी घरे नांदू लागली. सत्ता गेली होती आणि शिक्षण आले होते; राजकारणाचा विचार करण्यास याहून अनुकूल मनःस्थिती क्वचितच असते. याच बुढापाऱ्यात १८७७ ते १८७९ या काळात कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचे बिऱ्हाड होते असे मानतात. गावात चांगली शाळा नसल्यामुळे त्यांचा मुलगा नरेंद्र याचे शिक्षण वडिलांशी व त्यांच्याकडे येणाऱ्या सुशिक्षित मंडळींशी वादसंवाद करण्यातच झाले, असे विवेकानंदांचे चरित्रकार सांगतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वडील मंडळी बरोबरीने बोलू देतात, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

त्याच सुमारास पुण्यास मराठी राजकारणविचाराचे सर्वांत प्रसिद्ध संभाषण सुरू झाले होते. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांची मैत्री जुळली ती देशाच्या स्थितीविषयी चाललेल्या अखंड चर्चेतून. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी दोघांना शिक्षा झाली तेव्हा डोंगरीच्या तुरुंगात ती चर्चा पुढे चालली, आणि आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात तिची आठवण नोंदविली. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक, या प्रश्नावर मित्र दुरावले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. या घटनेकडे आपण एका मैत्रीचा करुण शेवट म्हणून पाहतो. परंतु तीत आणखी एक गोष्ट आहे. त्या मतभेदाने महाराष्ट्राला दोन स्पष्ट राजकीय भूमिका दिल्या, आणि त्या इतक्या स्पष्ट झाल्या याचे कारण त्या एकमेकांस पुरते ओळखणाऱ्या दोन माणसांच्या होत्या. परक्याशी वाद घालताना आपण त्याचे मत सोयीप्रमाणे वाकवून घेऊ शकतो. मित्राचे मत वाकविता येत नाही, कारण तो समोर बसलेला असतो.

रायपूरच्या बाजूस या परंपरेचा धागा उचलला तो माधवराव सप्रे यांनी. त्यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे आणि पुढे पदवी कलकत्ता विद्यापीठाची. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांच्या जोडीला रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशनाची जबाबदारी रायपूरच्या वामन बळीराम लाखे यांनी उचलली होती. तिघेही मराठी घरांतील. घरात एक भाषा आणि पत्रात दुसरी, असा हा उद्योग होता. मासिकाचे नावही विचार करण्याजोगे आहे. पुण्याच्या पत्राने सिंहाचे नाव घेतले होते. या मंडळींनी मित्राचे घेतले.

हे मासिक १९०२ च्या अखेरीस द्रव्याभावी बंद पडले. तीन वर्षांच्या त्याच्या आयुष्यात उघड राजकारण फारसे नव्हते. परंतु हिंदीत पुस्तकपरीक्षणाला शिस्तशीर रूप देण्याचे श्रेय त्यास दिले जाते, आणि श्रीधर पाठकांसारख्या मान्यवर कवीच्या कृतींचीही तेथे मोकळेपणाने चिकित्सा झाली. टीकाशास्त्राच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे राजकीय घटना म्हणूनही पाहावयास हवे. ज्या समाजात मोठ्या नावाच्या लेखकाविषयी आदर राखून दोष दाखविता येतो, त्या समाजाला पुढे मोठ्या अधिकाराच्या माणसाविषयीही तसेच बोलण्याची सवय लागते. ग्रंथपरीक्षण ही स्वातंत्र्याची प्राथमिक शाळा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतरचा टप्पा वेगाने आला. १९०६ मध्ये सप्रे यांचे ‘स्वदेशी आन्दोलन और बायकाट’ हे पुस्तक ‘केसरी’तील टिळकांच्या लेखांच्या आधाराने निघाले, पुढे ते सरकारने जप्त केले. १३ एप्रिल १९०७ पासून नागपुराहून ‘हिन्दी केसरी’ सुरू झाला. मित्राची जागा अखेर सिंहाने घेतली. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, राजद्रोहाच्या कलमाखाली सप्रे यांना अटक झाली.

येथे या कथेतील सर्वांत अवघड जागा येते. घरच्या मंडळींच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, निर्वाणीच्या आग्रहाला मान देऊन सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. चरित्रकार ही घटना सहानुभूतीने, किंचित घाईने, सांगून पुढे जातात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच कसोटीची जागा आहे. ओसरीवर आपण आज्ञाभंगाचे तत्त्व निर्वेधपणे मांडतो, कारण तेथे सारे स्नेही असतात. तुरुंगाच्या दाराशी जेव्हा स्नेहच समोर उभा राहून ‘सही कर’ म्हणतो, तेव्हा त्या तत्त्वाचे काय होते? राज्यसंस्थेशी झगडण्याची तयारी केलेला माणूस जिव्हाळ्यापुढे निःशस्त्र होतो. राजकीय तत्त्वज्ञानाने व्यक्ती आणि राज्य यांच्या संबंधाचा पुष्कळ विचार केला आहे. या दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या कुटुंबाचा विचार त्या मानाने थोडा केला आहे. अर्जुनाचा प्रश्न मात्र नेमका तोच होता, हे विसरता येत नाही.

सप्रे स्वतः ते विसरले नसावेत. सुटकेनंतर पश्चात्तापाने ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याकडे रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सहवासात माधुकरी मागून राहिले आणि दासबोधाच्या अभ्यासात त्यांनी मन घातले. त्यांतून दासबोधाचा हिंदी अनुवाद झाला, नंतर टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा, आणि चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा, जो हिंदीत ‘महाभारत मीमांसा’ म्हणून ओळखला जातो. या तीन ग्रंथांची निवड आकस्मिक वाटत नाही. दासबोध हा वीस दशकांचा, दोनशे समासांचा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे आणि त्यात अकराव्या व एकोणिसाव्या दशकांत राजकारणनिरूपणाचे समास आहेत. गीता हा तर दोन मित्रांचा संवाद. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या संवादातून कर्मयोग व लोकसंग्रह यांचे शास्त्र काढून दाखविले. सहा वर्षे तुरुंग भोगलेल्या माणसाचा ग्रंथ, सही करून सुटलेला माणूस वाक्यावाक्याने दुसऱ्या भाषेत उतरवतो आहे. या कामात प्रायश्चित्ताचा काही अंश असावा, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे. अनुवाद हेही एक दीर्घ संभाषणच असते, आणि त्यात अनुवादकाला प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘हे मला मान्य आहे काय’ असे स्वतःला विचारावे लागते. हिंदी वाचकांपर्यंत टिळकांचा कर्मयोग सविस्तर पोचला तो या अनुवादाच्या द्वारे. एका माणसाच्या दुर्बलतेच्या क्षणानंतर एका भाषेच्या विचारसंपत्तीत भर पडली, हे इतिहासाने दोन्ही बाजूंनी नोंदवावे.

त्यांचे मित्र वामनराव लाखे यांची वाट वेगळी होती. ते वकील होते. रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते आणि १९१३ मध्ये निघालेल्या तेथील सहकारी बँकेशी त्यांचे नाव निगडित आहे. १९१६ मध्ये सरकारने त्यांना रावसाहेब केले. १९२० मध्ये असहकाराच्या लाटेत त्यांनी ती पदवी परत केली. एकाच मासिकाच्या पहिल्या पानावर ज्यांची नावे आली, त्यांपैकी एकाने राज्याचा विरोध लेखणीने केला आणि दुसऱ्याने शेतकऱ्याची सावकारापासून सुटका करणाऱ्या संस्थेत स्वातंत्र्याचा अर्थ शोधला. सदरेला उत्तर एकाने दिले आणि बाजाराला दुसऱ्याने. या दोन उत्तरांपैकी कोणते खरे, हे ठरविण्याची घाई करू नये. स्वराज्य आणि कर्जमुक्ती यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न पुढे साऱ्या देशापुढे आला.

या ओसरीचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे बसणारे सारे शिकलेले, उच्चवर्णीय पुरुष होते. घरातील स्त्री दाराआडून ऐकत असेल. छत्तीसगडी शेतकरी, मजूर, सतनामी अंगणापलीकडे होता. मित्रांचे संभाषण मोकळे असते ते बव्हंशी त्यात कोणास बोलवावयाचे हे आधीच ठरलेले असते म्हणून. सप्रे यांना याची जाणीव होती असे म्हणण्यास पुरावा आहे. १९०१ मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये आलेल्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या त्यांच्या कथेत झोपडी हिरावून घेतलेली एक विधवा जमीनदाराला मातीची टोपली उचलू लागण्याची विनंती करते. ती त्याला उचलत नाही, तेव्हा या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहशील, असे ती विचारते. मालमत्तेच्या हक्काविषयीचा हा प्रश्न त्यांनी विद्वानाच्या तोंडी घातला नाही, ज्याला ओसरीवर कोणी बसविले नसते अशा बाईच्या तोंडी घातला. १९१२ मध्ये रायपुरात त्यांनी मुलींसाठी शाळा उभी केली, तीही याच दिशेची होती.

१९२६ मध्ये सप्रे रायपुरातच वारले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, याच लोहमार्गावरील राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात दुसरे एक मराठी घरातील हिंदी लेखक येऊन राहिले. ते गजानन माधव मुक्तिबोध. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत काव्य व समीक्षा लिहीत. गजाननरावांनी हिंदी स्वीकारली. त्यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तील प्रकरणे पुष्कळदा मित्राशी झालेल्या बोलण्याच्या रूपात आहेत. मित्र अडवतो, शंका काढतो, आणि लेखकाला आपलेच विधान पुन्हा तपासावे लागते. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्यप्रदेश शासनाने बंदी घातली. या वेळी सदर परक्याची नव्हती. ती आपण निवडलेल्यांची होती. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या नावाने जे झाले, ते स्वतंत्र देशात दुखावलेल्या भावनांच्या नावाने झाले. दोन वर्षांनी मुक्तिबोध गेले. इतिहासाविषयी मतभेद व्यक्त करण्यास ओसरी सुरक्षित आणि छापील पान असुरक्षित, हे अंतर स्वराज्यानेही मिटविले नाही, ही गोष्ट लेखकांनी व अध्यापकांनी मनाशी बाळगली पाहिजे.

२००० मध्ये छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाले. बूढा तालाबाजवळची एक शाळा सप्रे यांच्या नावाने ओळखली जाते. लाखे यांच्या नावाचीही शाळा आणि वस्ती आहे. नावे राहिली. त्यांनी चालविलेल्या संवादाची रीत राहिली काय, हा प्रश्न त्या शहराने एकट्याने सोडवावयाचा नाही. भाषेभाषेतील टीकाकार आज एकमेकांना किती वाचतात, मतभेद झाल्यावर किती वेळ समोर बसून राहतात, आणि अंगणापलीकडच्या माणसाला बोलण्यासाठी जागा करून देतात की नाही, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. सप्रे-लाखे-चिंचोलकर यांनी साधने तुटपुंजी असताना तीन वर्षे आपले मासिक परक्या न मानलेल्या भाषेत चालविले, एवढे आपल्यापुढे आहे.