जपणाऱ्यांचे पुणे

पाहुण्याला शनिवारवाडा दाखवायचा, पर्वती चढवायची आणि बाकरवडी बांधून देऊन गाडीत बसवायचे, ही आपली पुणेरी रीत. विद्येच्या या माहेरघरातली खरी कोठारे मात्र तो न पाहताच परततो. या सुट्टीत मुलाबाळांसह एक दिवस त्यांच्यासाठी राखावा.

सकाळी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर गाठावे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी ते स्थापन झाले. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला देऊन टाकला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथलीच. निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या गोळा करायच्या, एकेक श्लोक ताडून पाहायचा, पाठभेद नोंदवायचे, असे ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. प्रमुख संपादक डॉ. सुकथनकर १९४३ साली वारले. बेलवलकरांनी आणि पुढे वैद्यांनी ते तडीस नेले. याच वास्तूत ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने मोडतोड केली. जपणे किती जिकिरीचे आणि नासणे किती सोपे, हे मुलांना इथे सांगावे.

दुपारी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जावे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यावाड्यांतून दप्तरे मिळवली. १९१० साली सरदार मेहेंदळ्यांसह त्यांनी हे मंडळ काढले. इथले असंख्य कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत.

संध्याकाळ राजा केळकर संग्रहालयासाठी ठेवावी. दिनकर केळकरांचे चष्म्याचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या अशा घरगुती वस्तू त्यांनी जन्मभर जमवल्या. अकाली गेलेल्या लहानग्या राजाचे नाव संग्रहाला दिले आणि पुढे तो सारा सरकारच्या स्वाधीन केला.

यांतले काहीही राजाज्ञेने साठलेले नाही. कुणा पंडिताने, कुणा भटक्या संशोधकाने, कुणा दुकानदाराने ते वेळीच उचलून ठेवले. दिवाळीच्या साफसफाईत आपल्याही माळ्यावरून एखादे जुने बाड खाली येते. ते रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी कुणा मोडी जाणकाराला दाखवावे, एवढीच विनंती.