हिमपर्वतातील अन्नपान आणि पाचवे शील

चीनमधून तथागतांच्या भूमीकडे येणाऱ्या यात्रिक भिक्खूंचा खुष्कीचा मार्ग बर्फाच्छादित पर्वतांतून आणि हिमनद्यांच्या प्रदेशातून जात असे. त्यांनी पाहिलेले विहार, स्तूप आणि भेटलेले राजे यांचा उल्लेख आपण वारंवार करतो. परंतु वाटेत त्यांनी काय स्वीकारले आणि काय नाकारले, हा प्रश्नही धम्माच्या इतिहासाचाच भाग आहे.

इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून निघालेला फाहियान डोंगराळ व थंड अशा एका देशाची हकीकत देतो. काही विद्वान हा देश म्हणजे लडाख मानतात, तर काही काशगर. तेथे गव्हाखेरीज दुसरे धान्य पिकत नसे. भिक्खूंना वर्षाचा वाटा मिळाला की लगेच सकाळी हिमतुषार पडू लागत. म्हणून राजा भिक्खूंना विनंती करी की, गहू पिकू द्यावा आणि मगच वाटा घ्यावा. जेथे धान्यच दुर्मिळ, तेथेही संघाचा वाटा राखला जात होता.

ह्युएन त्संगाने इ.स. ६२९ मध्ये प्रवास आरंभिला. तिएनशान पर्वतातील हिमगिरी ओलांडताना कोरडी जागा मिळेना. भांडे टांगून अन्न शिजवावे आणि बर्फावरच अंथरूण घालावे लागे. त्याच्या चरित्रानुसार दहांतील तीन-चार सोबती थंडीने व भुकेने मरण पावले. पुढे आजच्या किरगिझस्तानात तुर्कांच्या खाकानाने त्याला मेजवानी दिली. दरबाऱ्यांपुढे मद्य व मांसाचे ढीग होते. पाहुण्या भिक्खूसाठी मात्र भात, साय, साखर, मध आणि द्राक्षे असे वेगळे अन्न आले. मद्याच्या जागी द्राक्षांचा रस आला. यजमानाने आपला पेला सोडला नाही, भिक्खूने आपले शील सोडले नाही. आणि भोजनानंतर खाकानानेच धम्मोपदेशाची विनंती केली.

द्राक्षरसाच्या या स्वीकारास विनयाचा आधार होता. महावग्गात आपण नगरातील केणिय जटिलाचा प्रसंग आहे. तेथे भगवंतांनी आठ पेयांस अनुज्ञा दिली. त्यांत आंबा, जांभूळ, मध आणि द्राक्ष यांची पेये आहेत. त्यापुढे सर्व फुलांच्या रसास अनुज्ञा देताना एकच फूल वगळले आहे. ते म्हणजे मधुक, आपले मोहफूल. गोंदियाच्या जंगलपट्टीतील वाचकांना हे फूल परके नाही. वाळवून, शिजवून ते पोट भरते. आंबवून, गाळून त्याची दारू होते. सागत स्थविर मद्य पिऊन कोसंबीच्या नगरद्वारी कोसळले, त्या प्रसंगावरून मद्यपान हा पाचित्तिय दोष ठरला. कारण विटाळ नव्हे, प्रमाद होय. देणारा कोण, हे विनयाने पाहिले नाही. घरांचा क्रम न मोडता भिक्षा घ्यावी, असाच दंडक होता. तथागतांनी अखेरचे भोजन लोहारपुत्र चुंदाच्या घरी घेतले.

हाच फाहियान मध्यदेशात आला, तेव्हा त्याला निराळे दृश्य दिसले. तेथील लोक मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा. ते गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात, असे तो लिहितो. म्हणजे खाणेपिणे हे मनाच्या शुद्धीचे साधन न राहता माणसास दूर ठेवण्याची भिंत झाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात फाहियान व ह्युएन त्संग या दोघांचीही साक्ष तपासली आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास ठरविला. गोमांसभक्षण आणि बौद्धांविषयीचा तिरस्कार यांत त्यांनी तिचे मूळ शोधले. हिमपर्वत ओलांडून आलेल्या भिक्खूंच्या नोंदी अशा रीतीने आपल्याच इतिहासाचा पुरावा ठरल्या.

ह्युएन त्संग पुढे कोसल देशात आला. हा दक्षिण कोसल म्हणजे छत्तीसगड व त्यालगतचा मुलूख. आजचा गोंदिया जिल्हा त्याला लागूनच आहे. तेथील राजा बौद्ध असल्याचे तो नमूद करतो.

आज आपले उपासक-उपासिका लडाखच्या विहारांना भेट देतात. हिमनद्यांच्या पाण्यावर पिकलेल्या जवाचे सातू आणि लोणी-मीठ घातलेला चहा तेथे प्रेमाने पुढे येतो. तो आनंदाने घ्यावा. त्याच जवाची छांगही पुढे येईल. ती हात जोडून नाकारावी. पण हा विवेक केवळ प्रवासापुरता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्याग आहे आणि समतेचा स्वीकारही आहे. मोहाची दारू नाकारणारा उपासक जर ती गाळणाऱ्याच्या घरचे पाणीही नाकारू लागला, तर त्याने पाचवे शील पाळले नाही. लाकूड वाजवायला लावणाऱ्यांचा आचार मात्र पुन्हा उचलला.