जुन्या जीपचा क्लच: प्लेट बदलण्याआधी लिंकेज बघा

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली सीजे३बी आमच्या काकांकडे जिंतूरजवळच्या शेतावर आहे, तिच्यावरूनच हे लिहितोय.

या जीपच्या क्लचमध्ये हायड्रॉलिक काही नाही. पेडल दाबलं की फ्लोअरखालचा आडवा शाफ्ट फिरतो, तो केबल ओढतो, केबल फोर्क ओढते आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबतो. म्हणजे चार-पाच सांधे. प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली तरी तिची बेरीज होते, आणि फोर्कपाशी जेमतेम एक मिलिमीटर ढिलाई असली तरी पेडलपाशी ती कितीतरी पट दिसते. त्यातून आपली काळी माती! पावसाळ्यात ती शाफ्टवर लिंपली जाते, वाळली की दगड.

आधी फ्री प्ले मोजा. पेडल हाताने हलकं दाबा. जोर लागायच्या आधी साधारण एक इंच खाली गेलं पाहिजे. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो. (पहिला आणि रिव्हर्स गिअर सिंक्रो नसलेले आहेत, म्हणून पेडल दाबून दोन-तीन सेकंद थांबूनच तपासा.) प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग सतत घासतं आणि चढावर क्लच सरकतो: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. गंमत म्हणजे प्लेट झिजते तसा प्ले वाढत नाही, कमी होतो. म्हणून हे अधूनमधून बघावंच लागतं.

ॲडजस्ट करायला चाकांना दगड लावा, चेकनट सैल करा. केबल लांबवली की प्ले वाढतो, आखूड केली की कमी होतो. नट पुन्हा घट्ट करायला विसरू नका. पण पिना आणि बुश झिजलेले असतील तर आधी ते बदला, नाहीतर सेटिंग टिकणार नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवीनच घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

शाफ्टच्या निपलांना ग्रीस द्या. धुताना मात्र बेलहाउसिंगमध्ये रॉकेल मारू नका. रिलीज बेअरिंगमधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. ते धुऊन गेलं की मग खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एवढं करूनही क्लच सुटताना गाडी थरथरत असेल तर इंजिनचे माउंटिंग रबर बघा. इंजिन हललं की केबलची ओढही बदलते.